अंगठ्यापासून अभिप्रायापर्यंत : ऑनलाइन दाद देण्याच्या तऱ्हा

ऑनलाइन समूहांतले बहुतेक लेखन विनामोबदला होते. अनारशांची कृती लिहिणारी सुगरण, गडाची अवघड वाट समजावणारा भटक्या किंवा संगणकाचा गुंता सोडवून देणारा अनोळखी जाणकार यांच्या पदरात पडते ती फक्त वाचकांची दाद. ही दाद देण्याच्या ठळक तऱ्हा पाच : बटण दाबणे, मत देणे, मानचिन्ह देणे, शब्दांत कळवणे आणि लेखन नावानिशी पुढे पोचवणे.

सर्वांत सोपे ते बटण. फेसबुकने ‘लाइक’ सुरू केले ते ९ फेब्रुवारी २००९ रोजी. एकाच फोटोखाली ‘मस्त’, ‘अभिनंदन’ अशा एकसारख्या प्रतिक्रियांची रीघ लागे. ती या अंगठ्याने आटोक्यात आली. पण निधनाच्या बातमीखाली अंगठा कसा उमटवायचा, हा पेच उरलाच. २४ फेब्रुवारी २०१६ पासून प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग यांची चिन्हे सोबतीला आली. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये अशी सोय दिली, तेव्हा पहिल्या सहा चिन्हांत जोडलेले हातही होते. वाचले आणि आवडले, एवढी पोच बटण देते. काय आवडले, ते मात्र त्यातून कळत नाही.

मताचे काम वेगळे. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर-स्थळावर उत्तराला मिळालेले प्रत्येक अनुकूल मत उत्तर देणाऱ्याच्या खात्यात १० गुण जमा करते. विचारणाऱ्याने ते उत्तर ‘स्वीकारले’ तर आणखी १५ गुण मिळतात, आणि स्वीकारणाऱ्यालाही २ मिळतात. नुसते ‘धन्यवाद’ लिहिणे तिथे अनावश्यक मानले जाते, कारण मतांमुळे उपयोगी उत्तर वर चढते आणि तीच अडचण घेऊन पुढे येणाऱ्यांची शोधाशोध वाचते. इथली दाद लेखकाइतकीच पुढच्या वाचकाच्याही कामी येते.

अर्थात मतांनाही मेंढरांची सवय असते. एका बातमी-संकलन संकेतस्थळावरच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांवर संशोधकांनी प्रयोग केला. तो २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही प्रतिक्रियांना त्यांनी सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन ठेवले. त्या मताने पुढच्या वाचकाकडून अनुकूल मत मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी चढले. म्हणजे आधीचा आकडा पाहून दिलेली दाद सगळीच लेखनाच्या गुणांना नसते.

मानचिन्हाची रीत विकिपीडियाने रुजवली. २००३ पासून तिथे ‘बार्नस्टार’ नावाची चांदणी दिली जाते. कोणताही संपादक दुसऱ्याच्या चर्चापानावर ती ठेवू शकतो. सोबत कशाबद्दल दिली, ते दोन ओळींत लिहायचे. त्यासाठी ना समिती लागते, ना मतदान. २०१३ मध्ये एखाद्या नेमक्या संपादनासाठी एका क्लिकसरशी आभार मानण्याची सोयही आली. अशा बिनखर्ची सन्मानाने काय साधते? इंग्रजी विकिपीडियावरील सर्वांत कामसू एक टक्का संपादकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून संशोधकांनी चांदण्या दिल्या. पुढच्या ९० दिवसांत त्यांचे काम चांदणी न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी अधिक भरले. हा अभ्यास २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये छापून आला.

मराठी संकेतस्थळांनी दादेची स्वतःची लघुलिपीच घडवली. ‘मायबोली’ १९९६ पासून, ‘मिसळपाव’ २००७ पासून सुरू आहे. तिथल्या वाचकांच्या बोटांवर ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा) आणि ‘पुभाप्र’ (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) बसलेले असतात. क्रमशः लिहिणाऱ्याला ‘पुभाप्र’ची रांग दिसली की पुढचा भाग टाळणे अवघड जाते.

तरीही सर्वांत मोलाची दाद नेमक्या शब्दांतली. अनारशांच्या कृतीखाली ‘तोंपासु’ (तोंडाला पाणी सुटले) वाचून लिहिणारी सुखावते. पण ‘तुमच्या प्रमाणाने केले, गूळ चमचाभर कमी घातला, तर तळताना एकही अनारसा हसला (विस्कटला) नाही’, असे कोणी लिहिले की कृतीच पुरी होते. चांगल्या अभिप्रायात तीन गोष्टी असतात : काय उपयोगी पडले, करून पाहिल्यावर काय आढळले आणि एखादा खरा प्रश्न. दुरुस्ती सुचवायची असेल, तर तीही यातच बसते. लक्षपूर्वक वाचल्याचा तो पुरावाच असतो.

उरते ते पुढे पोचवणे. मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत उत्तम लेख नाव गळालेल्या अवस्थेत फिरतात. कधी ‘लेखक अज्ञात’ म्हणून, कधी भलत्याच थोर नावावर. खाली नुसते ‘साभार’ लिहिले, तर आभार कोणाचे, ते कळत नाही. मजकूर चिकटवण्याऐवजी मूळ दुवा पाठवला, तर वाचक लेखकापर्यंत पोचतो आणि दादही त्याच पत्त्यावर जाते.

प्रत्येक लेखाखाली परिच्छेद लिहिण्याची गरज नाही. घाईत अंगठा पुरेसा आहे. पण जे खरोखर कामी आले, त्याखाली एक नेमके वाक्य लिहावे, आणि पुढे धाडताना लेखकाचे नाव राहू द्यावे.