संगणकातले सरळ अंगण

नाचता न येणारी व्यक्ती अंगणाला वाकडे म्हणते आणि लोक तिला हसतात. यंत्रमानवाला मात्र ही तक्रार करण्याचा थोडाफार हक्क आहे. त्याची तालीम होते संगणकातल्या सरळ अंगणात, आणि नाचायचे असते ते बाहेरच्या वाकड्या अंगणात!

मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीजकेंद्रावर आपत्ती ओढवली, तेव्हा किरणोत्साराने भरलेल्या इमारतीत शिरून झडपा उघडण्याची पाळी माणसांवर आली. असली कामे यंत्रांनी करावीत म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘डार्पा’ या संस्थेने एक स्पर्धा योजिली. जून २०१३ मधील तिची एक फेरी संपूर्णपणे संगणकात पार पडली. ‘गझीबो’ या आज्ञावलीत गुरुत्वाकर्षण, घर्षण आणि सांध्यांची ताकद यांची गणिते मांडून एक यंत्रमानव उभा केला होता. त्याने गाडी चालवावी, चिखलातून आणि ढिगाऱ्यावरून चालावे, नळाला नळी जोडावी, अशी परीक्षा होती. या पद्धतीचा लाभ उघड आहे. सुमारे दीडशे किलोंचे खरे यंत्र कोसळले की दुरुस्ती आलीच. पडद्यावरचे यंत्र हजार वेळा पडले तरी एका कळीसरशी पुन्हा उभे राहते.

त्या फेरीत फ्लोरिडाचा एक संघ पहिला आला. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात पोमोना येथे खऱ्या यंत्रांची अंतिम फेरी झाली, तेव्हा त्याच संघाचा यंत्रमानव पहिल्या दिवशी आडवा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने आठही कामे पुरी करून दुसरे बक्षीस मिळविले. पडणारा तो एकटा नव्हता, आणि सगळे दोष संगणकाच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. काही यंत्रे चालविणाऱ्यांच्या चुकीनेही पडली. पहिले बक्षीस नेणाऱ्या दक्षिण कोरियाच्या यंत्राची युक्ती मात्र मासलेवाईक होती. ते गुडघे टेकून चाकांवर सरकू शकत असे. तोल सांभाळण्याचा प्रश्न त्याने सोडविला, त्याहून अधिक टाळला!

पडद्यावरची हुशारी जमिनीवर का उतरत नाही, याचा शोध त्याआधीच सुरू झाला होता. १९९५ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातील जाकोबी, हस्बंड्स आणि हार्वे यांनी साडेपाच सेंटिमीटर व्यासाच्या ‘खेपेरा’ या चिमुकल्या यंत्रावर प्रयोग केले. अडथळे चुकविणे, दिव्याकडे जाणे, एवढीच कामे; ती शिकविली संगणकात. खऱ्या यंत्राचे संवेदक एकाच भिंतीविषयी दर वेळी थोडे निराळे सांगतात. हा गोंगाट संगणकातल्या जगातून पूर्ण वगळला, तेव्हा तेथे शिकलेली चाल बाहेर फसली. प्रत्यक्ष मोजला तेवढाच गोंगाट घातला, तेव्हा ती टिकली. दुप्पट घातला, तर चाल पुन्हा फसली. कारण यंत्र त्या जादा गोंगाटाचाच आधार घेऊन चालायला शिकले होते! म्हणजे जग मुद्दाम अवघड करूनही भागत नाही. ते मोजावेच लागते.

झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये हीच वाट पुढे नेली. त्यांच्या चतुष्पाद यंत्राच्या सांध्यांतील मोटारींचे वागणे सूत्रांत नीट बसेना. तेव्हा त्यांनी खऱ्या मोटारींच्या नोंदी घेतल्या आणि त्यांवरून तयार केलेले प्रतिरूप संगणकातल्या यंत्राला जोडले. तेथे शिकलेली चाल खऱ्या यंत्राला साधली. पडल्यावर उठणेही साधले.

‘गझीबो’ विनामूल्य मिळते. यंत्रमानव न परवडणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला हे वरदानच आहे, आणि नेमका तेथेच मोह आहे. पडद्यावर ऐटीत चालणारे चित्र पाहून गुण देणे सोपे असते. पण एखादी साधी मोटार, एक वजनकाटा आणि एक घड्याळ तर कोणत्याही प्रयोगशाळेत सापडेल. विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीत त्या मोटारीच्या मोजमापांचे पान आहे काय, हे परीक्षकांनी चित्र पाहण्याआधी पाहावे.