दिवाळीचा किल्ला : एक कृतिपाठ

दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात. शिक्षकांनी सुटीपूर्वी त्यांच्याकडून पुढील प्रयोग करवून घ्यावा.

ओल्या मातीच्या समान उंचीच्या दोन तटभिंती कराव्यात. एक वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीची, दुसरी पायथ्याशी रुंद व माथ्याशी निमुळती. सुकल्यावर दोहोंमागे सारखीच माती भरून दाबावी. प्रथम कोणती कलते, हे मुलांनी पाहावे व कारण सांगावे. मागील मातीचा रेटा भिंतीस बाहेर लोटतो. रुंद पायथा तो पेलतो, हे उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये.

बाजारात तयार किल्ले मिळतात. परंतु ढासळलेला बुरूज पुन्हा उभारताना मुलास जे उमगते, ते विकत मिळत नाही. म्हणून सुटीनंतर किल्ल्याच्या शोभेबरोबर तो का टिकला, हेही अवश्य विचारावे.