करमाळ्याच्या मातीतल्या गोष्टी

कैरोच्या स्टेशनात पेपर विकणाऱ्या लंगड्या किनावीचं एकतर्फी प्रेम दिग्दर्शक युसूफ शाहीन यांनी १९५८ साली ‘बाब अल-हदीद’ या चित्रपटात मांडलं, किनावीची भूमिकाही त्यांनीच केली. तशीच तळमळ सोलापूर जिल्ह्यात सापडते. दिग्दर्शक नागराज मंजुळे तिथल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांच्या ‘फँड्री’त (२०१३) शाळेजवळ घरच्यांसोबत डुक्कर धरताना शाळकरी जब्या त्याला आवडणाऱ्या शालूच्या नजरेपासून लपू पाहतो, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. इतका बोलका प्रसंग मराठी पडद्यावर क्वचितच आला असेल. जब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंजुळेंच्याच ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची साकारणारी रिंकू राजगुरू याच जिल्ह्यातल्या अकलूजची. तिच्या बोलण्यातला ठसका खास इथला.