फाटलेल्या आवाजाचा माग

स्पीकर दुरुस्त करणारा जाणता कारागीर बॉक्स हातात आल्याबरोबर स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही. आधी विचारतो, ‘‘नक्की काय होतंय? मशीन चालू करताना फट् होतं, की वाजता वाजता? बारीक आवाजातही येतं, की वाढवल्यावरच?’’ मशीन म्हणजे अँप्लिफायर. मांडववाले त्याला कायम याच नावाने ओळखतात. या प्रश्नांच्या उत्तरांत निम्मं निदान होऊन जातं. कारण बिघाड स्पीकरमध्ये ऐकू येतो, पण तो तिथेच जन्माला आलेला असतो असं नाही. जळलेला स्पीकर हा बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या तरी चुकीचा बळी असतो, आणि मूळ चूक न शोधता नवा स्पीकर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

आज घराघरांत जो स्पीकर आहे, त्याची घडण 1925 साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अभियंत्यांनी मांडली. शंभर वर्षं झाली, तरी मूळ रचना तीच आहे. गाडीच्या दारातला छोटा स्पीकर घ्या, नाहीतर मिरवणुकीतला 18 इंची बेस. पुढे कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन. त्याच्या मागे एक आखूड नळी, आणि तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळून केलेली कॉईल. ही कॉईल चुंबकाच्या गोल खाचेत अधांतरी असते. तारेतून प्रवाह गेला की ती पुढेमागे हलते आणि कोनाला हलवते. खाचेच्या भिंती आणि कॉईल यांच्यात दोन्ही बाजूंना मिलिमीटरचा काही अंशच मोकळा असतो. तेवढ्यात तिला बरोबर मधोमध धरून ठेवायचं काम दोघांचं: कोनाची बाहेरची कड आणि मागची नागमोडी कापडी चकती, जिला सगळे स्पायडर म्हणतात. स्पीकरची बहुतेक दुखणी या चिंचोळ्या जागेत आणि तिच्या आसपास सापडतात.

तपासायला फार हत्यारं लागत नाहीत. मशीन बंद करून, वायर काढून, दोन्ही हातांची बोटं कोनावर सारख्या अंतरावर ठेवायची आणि हलकेच आत दाबायचं. चांगला स्पीकर आवाज न करता आत जातो आणि परत येतो. खर्र असं जाणवलं तर कॉईल घासतेय. मग मीटर लावायचा. 8 ओहमच्या स्पीकरला मीटर साधारण 6 दाखवतो, आणि ते ठीकच आहे. काहीच दाखवलं नाही तर कॉईल तुटली. मीटर लावलेला असतानाच कोन थोडा हलवून पाहावा. आकडा उड्या मारू लागला, तर दोष बहुधा टर्मिनलपासून कोनापर्यंत जाणाऱ्या विणलेल्या तारेत असतो. ती तार कोनाबरोबर सतत वाकते आणि आतून एकेक धागा तुटत जातो. बारीक आवाजात ठीक वाजणारा आणि वाढवला की फट् करून अडखळणारा स्पीकर पुष्कळदा या तारेचा रोगी असतो. नवी तार सोल्डर केली की काम झालं. अशा स्पीकरला ‘गेला’ म्हणून भंगारात टाकलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

त्याआधीही एक साधी परीक्षा आहे. डाव्या-उजव्या बॉक्सची अदलाबदल करायची. फट् बॉक्सबरोबर दुसऱ्या बाजूला गेलं तर दोष बॉक्समध्ये. जिथल्या तिथे राहिलं तर मशीन, मिक्सर नाहीतर वायर. एवढं केल्याशिवाय दुकानात जाऊच नये.

चालू-बंद करताना होणारं फट् वेगळं. मशीन आधी चालू असेल आणि मिक्सर मागून चालू केला, तर मिक्सरमधला क्षणिक झटका मोठा होऊन थेट स्पीकरमध्ये जातो. म्हणून चालू करताना मशीन सगळ्यांत शेवटी आणि बंद करताना सगळ्यांत आधी. बऱ्याच मशिनांत एक रिले असतो. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून टक् असा आवाज येतो आणि मगच स्पीकर जोडले जातात. ते टक् निरोगी आहे. तसाच झटका माइकचा. मिक्सरवरून 48 व्होल्टचा फँटम पुरवठा चालू असताना माइकची वायर उपटली की सभागृहभर धडाका होतो. आधी तो चॅनेल म्यूट करावा, मग वायरला हात लावावा. आणि कीर्तनकार-निवेदक माइक ओठांना चिकटवून बोलतात, तेव्हा प, फ, ब, भ यांच्याबरोबर सुटणारी हवा माइकच्या पडद्यावर आदळते आणि बेसचा कोन थडथडतो. माइक थोडा तिरपा धरला आणि मिक्सरवर लो-कट दाबला की पुष्कळ शांतता होते.

पण स्पीकर खरोखर जळतात ते आवाज फाटल्यामुळे. इथे एक समज घट्ट रुजला आहे, की मोठं मशीन स्पीकर जाळतं. तसं होतं, नाही असं नाही. पण लहान मशीन मर्यादेपलीकडे ताणलं तरी तितकाच धोका असतो. मशीनकडे आणखी ताकद उरली नाही की ध्वनिलहरींचे गोल माथे सपाट कापले जातात. तेवढ्याच उंचीच्या पूर्ण चौकोनी लहरीत गोल लहरीच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे 100 वॉटचं मशीन पार फाटेपर्यंत ताणलं तर कॉईलवर जवळजवळ 200 वॉट पडू शकतात. शिवाय कापलेल्या माथ्यांमुळे मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर तयार होतात आणि ते थेट ट्वीटरकडे जातात, ज्याची तार केसासारखी बारीक असते. त्यात घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेतला जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो, बाकीची उष्णता होते. म्हणून रात्रभर फाटलेला आवाज सोसून सकाळी ट्वीटर मुका होतो. आवाज फाटू लागला की ताबडतोब कमी करावा, मीटरवरचा लाल दिवा काहीही सांगो.

बेसच्या बाबतीत आणखी एक आवाज ओळखून ठेवावा: कडक, धातूवर आपटल्यासारखं टक्. कोन इतका आत जातो की कॉईलची कड चुंबकाच्या मागच्या पट्टीवर आदळते. नळी चेपते, गोलाई जाते, आणि पुढे घासणं सुरू होतं. मग कोन बदलावा लागतो, ज्याला बाजारात रिकोनिंग म्हणतात.

पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला स्पीकरचे सुटे भाग मिळतात, पण रिकोनिंग हे सुट्या भागांपेक्षा हाताचं काम आहे. जुना कोन कापून काढतात, फ्रेमवरचा जुना गोंद खरवडतात. मग खाच साफ करायची. चिकट पट्टी घडी करून आत फिरवायची आणि लोखंडाचा कणही उरू द्यायचा नाही, कारण चुंबक तो सोडत नाही आणि एक कण नव्या कॉईलला ओरखडत राहतो. नवी कॉईल खाचेत सोडल्यावर तिच्या नळीच्या आत फिल्मच्या पातळ पट्ट्या चारी बाजूंनी सरकवतात, म्हणजे ती मधोमध थांबते. त्यानंतर स्पायडर चिकटवायचा, मग कोन, मग कड. गोंद पुरता वाळेपर्यंत कुणी हात लावत नाही. घाईने पट्ट्या काढल्या की कॉईल एका अंगाला कलते आणि सगळी मेहनत वाया जाते. पट्ट्या निघाल्या की शेवटी मधली टोपी बसते. जाणता कारागीर टोपी लावण्याआधी खालच्या पट्टीतला संथ स्वर सोडून कानाने घासणं तपासतो, कारण टोपी लागल्यावर परत आत जायला वाट राहत नाही.

कोकणात आणि मुंबईत जुन्या बॉक्सची फोमची कड दमटपणाने भुगा होऊन पडते. कॉईल चांगली असेल तर नुसती कड बदलून भागतं. शक्यतो रबरी घ्यावी.

दुरुस्त स्पीकर घरी आणल्यावर जोडायची घाई नको. आधी मशीन चालू करून, गाणं न लावता, मशीनच्या स्पीकर-टर्मिनलवर मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. काही मिलिव्होल्ट दिसले तर हरकत नाही. पण एक-दोन व्होल्ट जरी स्थिर दिसले, तर मशीनमध्ये बिघाड आहे. आउटपुट ट्रान्झिस्टर गेला असण्याची शक्यता मोठी. हाच डीसी कोनाला एका बाजूला ढकलून धरतो आणि न हलणारी, म्हणून हवा न मिळणारी कॉईल भाजून काढतो. जुनी कॉईल काळी पडून जळका वास मारत होती का, हे कारागिराला विचारून घ्यावं. तो हो म्हणाला, तर स्पीकर कपाटावर राहू द्यावा आणि मशीन उचलून त्याच दुकानात न्यावं.