तारेचे चाक, ट्यूबविना

रूपांतर म्हणजे काय

मोटारसायकलची चाके मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक ओतीव मिश्रधातूचे, ज्याला बाजारात अलॉय म्हणतात. दुसरे हब आणि रिम यांना तारांनी, म्हणजे स्पोकनी जोडणारे. अलॉय चाकावर आज बहुधा ट्यूबलेस टायर असतो, तर तारेच्या चाकात सहसा टायरच्या आत वेगळी ट्यूब लागते. तारेच्या चाकातील ट्यूब काढून, रिम हवाबंद करून त्यावर ट्यूबलेस टायर चढवणे म्हणजे हे रूपांतर. वर्णन साधे असले तरी त्यात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. हवा बाहेर जाऊ न देणे हा पहिला, आणि टायरची कड जागेवरून सरकू न देणे हा दुसरा. पहिला चिकटपट्टीने सुटतो. दुसऱ्याचे उत्तर रिमच्या आकारातच असावे लागते.

चाकाची रचना

तारेच्या चाकात साधारणपणे ३६ तारा असतात. प्रत्येक तारेचे एक टोक हबमध्ये अडकवलेले असते आणि दुसऱ्या टोकावरील आट्यांवर निपल नावाची छोटी लांबट चाकी फिरवलेली असते. निपल रिमच्या आतल्या, म्हणजे टायरकडच्या बाजूने छिद्रातून खाली येते आणि तिचे डोके रिमच्या पन्हळीत टेकते. निपल आवळली की तार ताणली जाते. सर्व तारा अशा ताणलेल्या असल्यामुळेच बारीक तारांचे चाक माणसांसह गाडीचा भार पेलते. तारांचा ताण विषम झाला की चाक डुलते; त्याला गॅरेजच्या भाषेत चाक आऊट होणे म्हणतात आणि निपल कमीअधिक फिरवून तो आऊट काढला जातो. म्हणजेच निपल हा फिरवता यावा म्हणूनच बसवलेला भाग आहे. त्याच्या भोवती फट असणे हा दोष नसून रचनेची गरज आहे.

ट्यूबचे काम

३६ निपलांची छिद्रे आणि व्हॉल्व्हचे एक, अशी ३७ छिद्रे असलेली रिम हवा धरू शकत नाही. ट्यूब ही उणीव भरून काढते. हवा फक्त ट्यूबमध्ये असते. टायर तिला आकार आणि संरक्षण देतो, रिम आधार देते. निपलांची डोकी ट्यूबला घासू नयेत म्हणून मध्ये रबरी पट्टी घातलेली असते. ही पट्टी हवा अडवण्यासाठी नसते, त्यामुळे ती कितीही घट्ट बसवली तरी रूपांतराला उपयोगी पडत नाही.

ट्यूबलेस टायरची यंत्रणा

ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरण्याची जबाबदारी चार ठिकाणी वाटली जाते: टायरचे अस्तर, टायरची कड, रिम आणि व्हॉल्व्ह. टायरच्या आतून हॅलोब्युटिल रबराचा पातळ थर दिलेला असतो. या रबरातून हवा अत्यंत सावकाश झिरपते. टायरच्या कडेला, म्हणजे बीडला, पोलादी तारांचा गाभा असतो. आतील हवेचा दाब ही कड रिमच्या बैठकीवर आवळून धरतो आणि तिथे हवाबंद सांधा तयार होतो. ट्यूबसाठी बनवलेल्या टायरमध्ये असे अस्तर आणि अशी कड असेलच याची खात्री नसते. म्हणून रूपांतराची एक अट टायरच्या बाजूवर ट्यूबलेस हा शब्द उमटवलेला असणे ही आहे.

दोन पंक्चर, दोन परिणाम

खिळा ट्यूबमध्ये घुसला की ताणलेल्या पातळ रबरातील छिद्र मोठे होते. बाहेर पडलेली हवा ट्यूब आणि टायर यांच्यामधून वाट काढून निपलांच्या फटींतून निसटते. टायर काही क्षणांत बसू शकतो आणि वेगात असलेली गाडी अस्थिर होते. ट्यूबलेस टायरमध्ये तोच खिळा जाड रबरात रुतून राहतो आणि स्वतःच बुचाचे काम करतो. हवा बहुधा हळूहळू उतरते. दुरुस्तीतही फरक आहे. ट्यूबसाठी चाक उतरवून टायर उघडावा लागतो, तर ट्यूबलेसमध्ये चाक गाडीवर असतानाच छिद्रात चिकट रबरी दोरी खुपसून काम भागते. घाटात किंवा लडाखच्या निर्मनुष्य रस्त्यावर या फरकाचे मोल मोठे असते.

रिमचा कंगोरा

रिमच्या आडव्या छेदात मध्ये खोलगट पन्हळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना टायरच्या कडेची बैठक असते. ट्यूबलेससाठी घडवलेल्या रिममध्ये बैठक आणि पन्हळ यांच्यामध्ये एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी हा कंगोरा टायरची कड पन्हळीत घसरू देत नाही. सर्वसाधारणपणे एमटी अशी खूण असलेल्या रिमवर असा कंगोरा असतो, तर डब्ल्यूएम प्रकारच्या जुन्या घडणीच्या रिमवर तो नसतो. २१ इंची पुढच्या रिम बहुधा कंगोऱ्याविनाच येतात. कड सरकली की ट्यूबलेस टायरमधील हवा एकदम निघून जाते, म्हणून ट्यूब काढल्यावर कंगोऱ्याचे महत्त्व वाढते. इथे एक अडचण उद्भवते. तारेचे चाक खडकाळ वाटांसाठी पसंत केले जाते आणि अशाच वाटांवर पकड वाढवण्यासाठी टायरचा दाब मुद्दाम उतरवला जातो. दाब कमी म्हणजे कडेवरील आवळ कमी. ज्या वापरासाठी रूपांतर हवेसे वाटते, त्याच वापरात कंगोऱ्याची उणीव सर्वांत जास्त भोवते.

छिद्रे बुजवण्याच्या पद्धती

पहिली पद्धत म्हणजे प्रत्येक निपलच्या डोक्यावर लवचीक सीलंटचा थर देणे. त्यासाठी पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन वापरतात. सिलिकॉनमध्येही निवड करावी लागते: सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन असेटिक आम्ल सोडते आणि ते धातूला गंज आणू शकते, म्हणून उदासीन प्रकारचे सिलिकॉन योग्य ठरते. दुसरी पद्धत पन्हळीच्या पूर्ण परिघावर जाड, चिकट, ताणली जाणारी पट्टी बसवण्याची. तिसरीत दोन्ही एकत्र येतात: खाली सीलंट, वर पट्टी. काही व्यावसायिक पन्हळीत अखंड रबरी थरच बसवून देतात. टायरमध्ये ओतायचे द्रव सीलंट मात्र या कामाला चालत नाही. चाक फिरू लागले की ते बाहेरच्या दिशेने फेकले जाऊन टायरच्या तळाशी पसरते. आतल्या बाजूला असलेल्या निपलांवर ते टिकून राहत नाही.

पट्टीवरील बले

पट्टी दाबाने उखडेल अशी शंका सहज येते. हिशेब केल्यास ती फिटते. ३२ पीएसआय म्हणजे सुमारे २.२ बार; दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो वजनाइतका भार. निपलच्या ८ मिलिमीटर रुंद डोक्यावर हा भार जेमतेम १.१ किलो होतो. शिवाय तो पट्टीला रिमवरच दाबतो. पट्टीला बाहेर खेचणारे बल फिरण्यातून येते. ताशी १०० किलोमीटर वेगाला, सुमारे ३२ सेंटिमीटर त्रिज्येच्या मागच्या चाकात, पन्हळीजवळच्या प्रत्येक कणाला गुरुत्वाच्या सुमारे दीडशेपट त्वरण मिळते. एक चौरस सेंटिमीटर पट्टीचे वस्तुमान ०.२ ग्रॅम धरले तर हे खेचणारे बल ३० ग्रॅम वजनाइतके होते, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे पंचाहत्तराव्या भागाइतके. दाब कायम आहे तोवर पट्टी जागची हलत नाही. मात्र एखाद्या कडेखाली हवा शिरली की दोन्ही बाजूंचा दाब समान होतो आणि ही मदत संपते. म्हणून चिकटपणाची खरी कसोटी पट्टीच्या कडांवर लागते.

थकवा आणणारी हालचाल

दाबापेक्षा चिवट शत्रू म्हणजे सूक्ष्म हालचाल. चाक फिरताना जमिनीकडच्या तारांचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर येताना पुन्हा वाढतो. वरील आकाराचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ५०० फेरे घेते. १,००० किलोमीटरच्या प्रवासात प्रत्येक निपल असे पाच लाख झटके सोसते. कडक होणारे, ठिसूळ लेप यामुळेच तडकतात. तारा सैल असलेल्या चाकात ही हालचाल आणखी वाढते.

कामाचा क्रम

टायर आणि ट्यूब काढल्यावर प्रथम तारांचा ताण तपासून चाकाचा आऊट काढतात. हे काम नंतर केल्यास निपल फिरताना सीलंट फाटते, त्यामुळे हा क्रम बदलता येत नाही. निपलबाहेर डोकावणारी तारांची टोके कानसेने घासून सपाट करतात. त्यानंतर गंज, जुना गोंद आणि तेलकटपणा पूर्ण काढून पन्हळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. पोलादी रिम वाकवून जोडलेली असते. तिच्या जोडाची रेघ हवा गळण्याची जागा ठरू शकते, म्हणून तिथेही लेप देतात. सीलंट उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत सुकू दिल्यावर पट्टी ताण देत, हवेचे बुडबुडे न राहतील अशी बसवतात. पट्टी टायरच्या बैठकीवर चढता कामा नये; चढल्यास मुख्य सांधाच बिघडतो. मग कडेला साबणाचे पाणी लावून टायर चढवतात आणि कंप्रेसरने हवा भरतात. कड जागेवर बसल्याचा खट्ट आवाज दोन्ही बाजूंनी यावा लागतो. शेवटी साबणाच्या फेसाने गळती शोधतात आणि पुढील काही दिवस दाब मोजत राहतात.

व्हॉल्व्हचा प्रश्न

ट्यूबच्या व्हॉल्व्हसाठी रिमला सुमारे ८.३ मिलिमीटरचे छिद्र असते, तर नेहमीच्या रबरी ट्यूबलेस व्हॉल्व्हला सुमारे ११.३ मिलिमीटरचे लागते. काही जण ड्रिलने छिद्र वाढवतात. त्याऐवजी मूळ छिद्रात बसणारा, रबरी वॉशर आणि नट असलेला धातूचा व्हॉल्व्ह वापरता येतो. छिद्र मूळ मापाचे राहिल्यास गरज पडेल तेव्हा पुन्हा ट्यूब घालता येते. वाढवलेल्या छिद्रात ट्यूबचा व्हॉल्व्ह सैल बसतो आणि छिद्राची कड त्याच्या मुळाशी ट्यूब कापू शकते.

कारखान्यातील उत्तरे

या प्रश्नाचे मुळातले उत्तर म्हणजे हवेच्या कप्प्यात छिद्रेच न ठेवणे. बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएस या मोटारसायकलवर तारा रिमच्या बाहेरच्या काठांशी जोडल्या. टायरची कड या जोडांच्या आतल्या बाजूला बसते, त्यामुळे निपलांच्या छिद्रांचा प्रश्न उरतच नाही आणि तार तुटल्यास टायर न काढता बदलता येते. काही रिममध्ये पन्हळीच्या खालच्या अंगाला उभी पट्टी ठेवून तारा तिच्यात अडकवतात. होंडाने २०२० च्या आफ्रिका ट्विन अॅडव्हेंचर स्पोर्ट्सला ट्यूबलेस तारेची चाके दिली. भारतात रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० साठी अशी चाके २०२४ मध्ये पर्याय म्हणून आली. अशा तयार चाकांत छिद्रे आणि कंगोरा या दोन्ही गोष्टींचा विचार घडणीतच झालेला असतो; खर्च मात्र पट्टीच्या कितीतरी पट येतो.

मर्यादा

दगडावर आदळून रिमला पोचा पडला तर ट्यूब असलेले चाक बहुधा चालत राहते, पण ट्यूबलेस चाकात टायरची कड आणि रिम यांच्यात फट पडून हवा गळते. रूपांतरानंतर एखादी तार तुटली किंवा चाक आऊट झाले तर दुरुस्तीसाठी सीलंट उखडावे लागते. टायर बदलताना पट्टी तपासावी, प्रसंगी नव्याने लावावी लागते. टायर काढण्याची पहार पन्हळीत खोल गेली की पट्टी फाटते. वाहन ट्यूबसहच वापरावे अशी निर्मात्याची सूचना असल्यास रूपांतराची जबाबदारी मालकावर येते. आठवड्याला दाब मोजण्याची सवय नसेल, तर सावकाश होणारी गळती लक्षात येत नाही.

मागचे आणि पुढचे चाक

दोन्ही चाकांचे रूपांतर एकदम केलेच पाहिजे असे नाही. आडवा पडलेला खिळा पुढच्या चाकाच्या धक्क्याने उभा होतो आणि मागच्या चाकात घुसतो. मागच्या चाकावर भारही अधिक असतो. साखळीमुळे ते उतरवणेही जास्त कटकटीचे असते. योगायोगाने १७ आणि १८ इंची मागच्या रिमवर कंगोरा असण्याची शक्यताही पुढच्या २१ इंची रिमपेक्षा जास्त असते. म्हणून मागचे चाक ट्यूबलेस आणि पुढचे ट्यूबसह, ही विभागणी तर्काला धरून आहे. निर्णयाचा क्रम वरील सर्व बाबींतून ठरतो: आधी रिमची खूण आणि कंगोरा, मग तारांचा ताण, नंतर टायर, आणि सर्वांत शेवटी पट्टी. लांबच्या प्रवासात रबरी दोरीच्या जोडीला एक ट्यूब सामानात ठेवली जाते ती रूपांतराच्या मर्यादांमुळे. रिम वाकली आणि कडेचा सांधा उघडा पडला, तर धातूचा व्हॉल्व्ह काढून ८.३ मिलिमीटरच्या मूळ छिद्रातून पुन्हा ट्यूबचा व्हॉल्व्ह बाहेर काढता येतो आणि चाक आपल्या जुन्या पद्धतीने घरापर्यंत पोचते.