पेटंटवरचे नाव

पुण्यात पाषाणच्या सूस रस्त्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेची अतिसुरक्षित प्रयोगशाळा आहे. मार्च २०२० मध्ये या संस्थेने रुग्णांच्या नमुन्यांतून करोनाचा विषाणू वेगळा करून वाढवला. त्यातला ‘एनआयव्ही-२०२०-७७०’ हा वाण हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीकडे सोपवण्यात आला. कंपनीने तो निष्क्रिय करून, त्यात प्रतिकारशक्तीला चेतवणारे द्रव्य मिसळून लस बनवली. ती पुन्हा पुण्याला आली आणि हॅमस्टर व वीस माकडांवर तिची परीक्षा इथल्या शास्त्रज्ञांनी घेतली. माणसांवरच्या चाचण्यांतही या संस्थेची पालक असलेली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद भागीदार होती. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनला आणीबाणीतील वापराची परवानगी मिळाली.

जून २०२४ मध्ये बातमी आली, की या लशीच्या पेटंट-अर्जात परिषदेचे नावच नाही. शोधकर्ते म्हणून नोंदवलेली माणसे कंपनीची होती.

हे कसे घडू शकते? भारतीय पेटंट कायदा १९७० चा. त्यानुसार अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकर्त्याचा, किंवा त्याने ज्याच्या नावे तो लिहून दिला त्याचा. पण याच कायद्याचे तिसरे कलम सांगते, की निसर्गात आढळणारी सजीव वा निर्जीव वस्तू केवळ शोधून काढली, तर तिचे पेटंट मिळत नाही. म्हणजे पुण्याने जी गोष्ट सर्वांत आधी दिली, तो विषाणूचा वाण, तिच्यावर कायद्याने एकट्याने मालकी सांगणे अवघडच होते. लशीचे सूत्र पेटंटयोग्य, पण त्या सूत्राचा कच्चा माल नाही. अशा वेळी संशोधन संस्थेच्या हातात एकच हत्यार उरते, ते म्हणजे वाण हवाली करण्यापूर्वीचा लेखी करार.

तो करार झाला होता. लशीच्या बौद्धिक संपदेत दोघांचा वाटा, निव्वळ विक्रीवर पाच टक्के स्वामित्वधन आणि खोक्यावर परिषद व पुण्याच्या संस्थेचे नाव, अशा अटी सरकारने संसदेत सांगितल्या होत्या. परिषदेने लशीवर सुमारे ३५ कोटी रुपये खर्च केले. जानेवारी २०२२ अखेरपर्यंत तिला १७१ कोटींहून अधिक स्वामित्वधन मिळाले. करदात्याचा पैसा काही अंशी करदात्याकडे परतला, तो या कागदामुळे.

मग नाव का गळले? कंपनीने खुलासा केला, की करार गोपनीय असल्याने अर्ज करताना त्याची प्रत हाताशी नव्हती. चूक अनवधानाने झाली आणि परिषदेला सहमालक म्हणून जोडण्याची प्रक्रिया सुरू केली आहे. खुलासा मान्य केला, तरी बोध उरतोच. करार कपाटात कुलूपबंद राहिला, तर तो कोणाचेच रक्षण करत नाही.

कागदाची ही ताकद पाषाणच्या दुसऱ्या एका संस्थेशी नाते असलेल्या माणसाने आधीच दाखवली होती. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघांना हळदीने जखम भरण्याच्या उपायावर पेटंट मिळाले. आपल्या प्रत्येक घरात कापल्या बोटावर दाबली जाते, तीच हळद! राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून दिल्लीला गेलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांच्या परिषदेने १९९६ मध्ये आव्हान दिले. आजीची आठवण तिथे पुरावा म्हणून पुरली नसती. म्हणून ३२ लेखी संदर्भ गोळा केले गेले. त्यांत १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले.

दोन्ही प्रकरणांत एकच गोष्ट दिसते. ज्ञान असणे वेगळे आणि ते आपले, किंवा सर्वांचे, असल्याचे सिद्ध करता येणे वेगळे.

पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयात नवे निदानसाधन जुळवणाऱ्या तरुण डॉक्टरला यातून काय घेता येईल? रोजच्या प्रयोगवहीत तारीख टाकावी आणि साक्षीदाराची सही घ्यावी. नमुना बाहेर देण्याआधी करार करावा. परिषदेत निबंध वाचण्याआधी अर्ज दाखल करावा. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी आपला कायदा बारा महिन्यांची मुदत देतो, पण युरोपात अशी सवलत जवळजवळ नाही. आणि उपचाराची पद्धत, म्हणजे शस्त्रक्रियेची नवी रीत वा औषध देण्याचा क्रम, हिला भारतात पेटंटच मिळत नाही. ती सर्वांसाठी मोकळी राहावी, अशीच कायद्याची इच्छा आहे. तिच्या बाबतीत लेख छापून मोकळे व्हावे. छापलेला लेखच उद्या दुसऱ्याला ती बळकावू देणार नाही.

हळदीच्या वेळी तेच झाले. १९५३ मध्ये तो लेख लिहिणाऱ्याच्या मनात पेटंटचा विचारही नसेल. त्याने पाहिले ते नीट लिहून ठेवले, एवढेच. चव्वेचाळीस वर्षांनी ते देशाच्या उपयोगी पडले.