कोटेशनच्या तळाच्या ओळी

१९९०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात ‘घरगुती पीसी केवढ्याला बसेल?’ असं विचारलं, की काउंटरवरचा माणूस पॅड ओढून यादी लिहायला घ्यायचा. सगळ्यात वर प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, आणि अगदी तळाला ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. चार दुकानांची कोटेशनं घरी शेजारी शेजारी ठेवली जायची आणि ताडून बघितली जायची ती पहिली ओळ. नातेवाइकांना सांगायची गोष्ट तीच असायची. गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांकडे वळून पाहताना मला ठामपणे वाटतं, की कमी पैशांत जोडलेल्या पीसीचं आयुष्य त्या पहिल्या ओळीने क्वचितच ठरलं.

तेव्हा असेंबल्ड पीसीसुद्धा ४० हजारांच्या आसपास जायचा. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढणारी घरं होती. प्रत्येक हजाराला किंमत होती, आणि तो चुकीच्या जागी जाण्याच्या वाटाही पुष्कळ होत्या. इंटेलने एप्रिल १९९८मध्ये आणलेल्या पहिल्या सेलेरॉन मालिकेत दुसऱ्या पातळीची कॅश मेमरीच नव्हती. ऑगस्टमध्ये आलेल्या ‘३०० ए’मध्ये मात्र १२८ केबी कॅश थेट चिपवर होती आणि ती प्रोसेसरच्याच वेगाने चालायची. ‘३००’ आणि ‘३०० ए’ दोन्ही ३०० मेगाहर्ट्झचे, दोन्ही सेलेरॉन. कामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. जाणकार मंडळी ‘ए’वालाच मागून घ्यायची आणि बसचा वेग ६६वरून १००वर नेऊन त्याच्याकडून ४५०चं काम करून घ्यायची. बाकीच्यांच्या कोटेशनवर नुसतं ‘सेलेरॉन ३००’ एवढंच असायचं.

नोव्हेंबर २०००मध्ये पेन्टियम ४ आला आणि आकड्यांचं वेड टिपेला पोचलं. दीड गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ कित्येक कामांत एक गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ३च्या मागे पडायचा, हे तेव्हाच्या चाचण्यांत दिसत होतं. तरीही ‘१.५’ हा आकडा ‘१’पेक्षा मोठा होता आणि विक्रीला तेवढं पुरलं. सुरुवातीला या प्रोसेसरला महागडी आरडी-रॅमच लागायची. २००१मध्ये ८४५ चिपसेट आला आणि स्वस्त एसडी-रॅम चालू लागली, पण प्रोसेसरला सेकंदाला ३.२ जीबी डेटा घेता येत असताना ती रॅम एक जीबीच्या थोडं वरच देऊ शकायची. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले, तो वापरायची सोयच त्या पीसीत नव्हती.

रॅमची दुसरी गोष्ट याहून साधी आणि याहून जास्त घरांची. स्वस्त पीसीत ग्राफिक्स कार्ड नसायचं. बोर्डवरचं ग्राफिक्स मूळ रॅममधूनच आपला वाटा उचलायचं. १२८ एमबीतला तुकडा तिकडे गेला की उरलेल्या जागेत विंडोज एक्सपी, अँटिव्हायरस आणि एमएस-सीआयटीचा सराव, सगळं बसवायचं. हार्ड डिस्कचा लाल दिवा अखंड लुकलुकत राहायचा. घरचे म्हणायचे, ‘व्हायरस आलाय, फॉरमॅट मारायला हवा.’ प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन रॅम २५६ केली असती, तर त्यातली बरीच फॉरमॅटं टळली असती.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र तळाच्या ओळीने केलं. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट आलेल्या एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ‘४५० वॅट’ छापलेलं असायचं. हातात घेतला की लागणारं वजनच सांगायचं, की आत तेवढं तांबं आणि तेवढे कपॅसिटर नाहीत. छापलेला आकडा फार तर क्षणभरापुरता खरा. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी २०००च्या दशकात भारनियमन रोजचं होतं. वीज जायची, यायची, येताना दाब उसळायचा. जुन्या इमारतींत अर्थिंगचा पत्ता नसायचा आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. असा एसएमपीएस गेला की एकटा जायचा नाही, कधी बोर्ड, कधी हार्ड डिस्क बरोबर घेऊन जायचा. डिस्कमध्ये लग्नाचे फोटो किंवा मुलाचा प्रोजेक्ट असायचा आणि बॅकअप नसायचा.

त्यातच जगभरच्या बोर्डांना कपॅसिटरचा रोग लागला होता. १९९९च्या सुमारापासून पुढे काही वर्षं बाजारात आलेल्या कित्येक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधलं द्रावण सदोष होतं. वर्ष-दोन वर्षांत त्यांचे माथे फुगायचे, कधी तपकिरी गळती दिसायची, आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होऊ लागायचा. उष्णता आणि वाईट वीज हा रोग वाढवायची. लॅमिंग्टन रोडवर असे कपॅसिटर बदलून देणारे कारागीर होते. नव्या बोर्डाच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात त्यांनी कितीतरी घरांचे पीसी पुन्हा उभे केले. स्वस्त संगणकाच्या इतिहासात त्यांची नोंद कुणी करत नाही. ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

याच काळात एक समज घट्ट बसला: ‘एएमडी तापतो.’ त्याला आधार होता. सुरुवातीच्या ॲथलॉन-ड्युरॉनवर धातूचं झाकण नव्हतं, आणि वरचा हीटसिंक निसटला तर ते जळू शकायचे. पण २००३चा ॲथलॉन ६४ वेगळा होता, आणि २००४चा प्रेस्कॉट पेन्टियम ४ स्वतःच भट्टीसारखा तापायचा. दुकानदारांचं वाक्य मात्र पुढे कित्येक वर्षं तेच राहिलं. त्यापायी कमी बजेटवाल्यांनी चांगले पर्याय सोडले.

२००६नंतर कोअर २ आणि त्याचे स्वस्त भाऊबंद आले आणि प्रोसेसरची चिंता खऱ्या अर्थाने मिटली. लेखन, हिशेब, सिनेमा, इंटरनेट यांना तो पुरून उरला. अडत होतं ते हार्ड डिस्कपाशी. २०११च्या ऑक्टोबरमध्ये थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले, काही आठवड्यांत भाव दुपटीवर गेले, आणि कंपन्यांनी वॉरंटीची वर्षंही कमी केली. पुढे एसएसडी स्वस्त झाली तेव्हा कळलं, की ज्या पीसीला आपण ‘जुना झाला’ म्हणत होतो, त्याला १२० जीबीची एसएसडी लावली की तो आणखी तीन-चार वर्षं सुखाने चालतो. या सगळ्या काळात कमी पैशांत इतका मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच भागाने पाडला नाही.

२०१७-१८ हा माझ्या मते या बाजाराचा सर्वांत चांगला काळ. पेन्टियम जी४५६० दोन कोअरमध्ये चार थ्रेड देत होता. फेब्रुवारी २०१८मध्ये आलेल्या रायझन ३ २२००जीमध्ये चार कोअर आणि हलके खेळ चालतील असं ग्राफिक्स एकत्र होतं. त्याला ८ जीबीची एक पट्टी देण्याऐवजी ४-४च्या दोन दिल्या, तर ग्राफिक्सचा वेग ठळकपणे वाढायचा. पण आधीच्या स्टॉकमधल्या बोर्डांवर तो बायोस अपडेटशिवाय सुरूच व्हायचा नाही. दुकानातच पीसी चालू करून दाखवा, असा आग्रह धरणाऱ्यांचे हेलपाटे वाचले.

बोर्डाच्या निवडीचं महत्त्व इथे सर्वांत स्वच्छ दिसलं. इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच आकाराच्या सॉकेटात बसत असूनही २०० मालिकेच्या बोर्डवर चालत नव्हता. उलट २०१७-१८मध्ये घेतलेल्या साध्या ए३२० बोर्डांना २०२२मध्ये रायझन ५००० मालिकेचं बायोस मिळालं, आणि अनेकांचा पीसी एवढ्या एका बदलात नवा झाला.

मग करोना आला. मुलांच्या ऑनलाइन शाळा, घरून नोकरी, आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डं क्रिप्टो चलनाच्या खाणकामवाल्यांनी उचललेली. नावामागे ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतलेल्यांना नंतर कळलं, की त्यात ग्राफिक्सच नाही, आणि कार्ड तर परवडत नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले, नीट पुसून-तपासून विकले जाणारे ऑफिसचे डेस्कटॉप त्या दिवसांत हजारो घरांना उपयोगी पडले. त्यांचा एसएमपीएस आणि बोर्ड बहुधा खास मापाचा असतो, बाजारातला बसत नाही; ते धरूनही तो सौदा चांगलाच होता. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ साधारण आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही. तरी त्यातले बरेच पीसी लिनक्सवर आजही उत्तम चालतात.

आता अडलं आहे ते पुन्हा रॅमपाशी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांसाठी लागणारी मेमरी बनवण्याकडे कारखाने वळले, आणि २०२५च्या उत्तरार्धात घरगुती रॅमचे भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं बजेटवाल्यांनी डोळे मिटून घेतलेली ही रॅम होती.

म्हणून आत्ता कुणी विचारलं तर मी यादी उलटीकडून लिहायला सांगतो. आधी घरातल्या किंवा नात्यातल्या बंद पडलेल्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर४च्या पट्ट्या आहेत का ते बघा, त्या भंगारात घालू नका. मग त्यांना चालणारा बोर्ड शोधा. एएमडीचा एएम४ चालेल, किंवा इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी एच६१०चा डीडीआर४वाला, जोवर मिळतोय तोवर. नावाजलेला एसएमपीएस पक्क्या बिलावर घ्या, ५०० जीबीची एसएसडी घ्या. आणि यातून जे पैसे उरतील, त्यात बसेल तो ग्राफिक्स असलेला प्रोसेसर.